झोपेचा जमाखर्च

मार्चअखेरीस पेढीवर मध्यरात्र उलटेपर्यंत हिशेब चालतात आणि एप्रिल उजाडताच घरातील कोणीतरी सर्दी-तापाने अंथरूण धरतो. दोष हवेला दिला जातो.

विषाणू स्वबळावर वाढू शकत नाही; पेशीत शिरून तो तिच्याकडूनच आपल्या प्रती करून घेतो. बाधित पेशी इंटरफेरॉन हे द्रव्य सोडून शेजारणींना सावध करते. पुढे टी-पेशी बाधित पेशींचा नाश करतात, बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. झोपेत टी-पेशींची बाधित पेशींना चिकटण्याची क्षमता वाढते.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना सलग काही रात्री चारच तास झोपू देऊन फ्लूची लस टोचली गेली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. दाम पूर्ण, माल अर्धा!

2009 मध्ये अमेरिकेत 153 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले गेले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांत सर्दीचा संभव आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. अंथरुणात पडूनही बराच वेळ जागे राहणाऱ्यांत, शांत झोपणाऱ्यांच्या तुलनेत, तो साडेपाच पट होता. उधारीची चिंता उशाशी घेऊन कूस बदलणारे याच दुसऱ्या गटात मोडतात.