हाताजोगतें साधन

खेळ हा शिक्षणाचाच एक भाग आहे, असें आम्ही शिक्षक व्यासपीठावरून वारंवार सांगत असतों. परंतु तो भाग आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो काय, हा प्रश्न आम्हीं स्वतःस फारसा विचारिलेला नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत एका विद्यार्थ्यानें तो आम्हांस विचारावयास भाग पाडिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विद्यार्थी चाकांच्या खुर्चींतून शाळेंत येतो. त्याच्या स्नायूंची शक्ति हळूहळू क्षीण होत आहे. क्रिकेटच्या सामन्यांत धांवा लिहून घेण्याचें काम आम्हीं तीन वर्षें त्याजकडे सोंपविलें, आणि आपण त्याची मोठी सोय लावली असें समजून समाधान मानिलें. एके दिवशीं वही परत देतांना तो म्हणाला, "सर, मला एकदां तरी बाद व्हावयाचें आहे." त्यास काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचलें नाहीं. ज्यास बादच होतां येत नाहीं तो खेळांत नसतोच, तो केवळ खेळाजवळ बसलेला असतो.

पुढें चौकशी करितां कळलें कीं, घरीं त्याचा धाकटा भाऊ संगणकावर क्रिकेट खेळतो व हा शेजारीं बसून पाहतो. त्या खेळाचा कंट्रोलर दोन्ही हातांत उचलून धरावा लागतो, दोन अंगठ्यांनीं दोन दांड्या फिरवाव्या लागतात आणि त्याच वेळीं तर्जनींनीं मागील कळा दाबाव्या लागतात. आमच्या विद्यार्थ्यास नजर आहे, बुद्धि आहे, क्रिकेटचें ज्ञान तर आमच्याहून अधिक आहे. त्या यंत्रास मात्र केवळ अंगठ्याचें बळ ओळखतां येतें. मग उणीव मुलांत म्हणावी कीं यंत्रांत?

आमच्या मतें ती यंत्रांत आहे, आणि जगांतील कांहीं कारागिरांनीं हें कधींच मान्य केलें आहे. १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें छातीवर बांधावयाचा एक कंट्रोलर काढिला होता. हनुवटीनें त्याची दांडी हलवावयाची व नळींत फुंकून किंवा हवा ओढून कळांचें काम करावयाचें, अशी त्याची योजना होती. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें टेबलावर किंवा मांडीवर ठेवावयाचा कंट्रोलर आणिला. त्याच्या वरच्या बाजूस दोन मोठ्या वाटोळ्या कळा असून मागें ३.५ मिलिमीटरचीं १९ भोंकें ओळीनें आहेत. ज्याचें कोपर चालतें त्यानें कोपराखालीं, ज्याचा पाय चालतो त्यानें पायाखालीं, ज्याची केवळ मान वळते त्यानें डोक्याशेजारीं निराळी कळ बसवावी व तिची तार योग्य त्या भोंकांत खोंचावी. त्याची पेटीदेखील फांसांत हात अडकवून उघडतां यावी, दातांनीं फाडावी लागूं नये, इतका विचार करणारांनीं केला. २०२३ सालीं सोनी कंपनीनेंही आपला असाच कंट्रोलर विक्रीस काढिला. इंग्लंडांत २००७ सालीं स्थापन झालेली स्पेशलइफेक्ट ही धर्मादाय संस्था तर एकेका खेळाडूचें अंग कसें चालतें हें पाहून त्यास साजेल अशी जुळणी करून देते.

येथें कित्येक पालक म्हणतील, ही तर परदेशची गोष्ट झाली. परंतु आपल्याकडेही ही दृष्टि नवी नाहीं. अंधांच्या बुद्धिबळाचा पट पाहा. त्यांत काळीं घरें किंचित् उंच असतात, प्रत्येक घरास भोंक व प्रत्येक मोहऱ्यास खुंटी असते, आणि काळ्या मोहऱ्यांवर हातास कळेल अशी खूण असते. खेळाचे नियम बहुतेक तेच राहतात, बदलतें तें साधन. १९६५ च्या युद्धांत जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. अंध जलतरणपटु कांचनमाला पांडे यांनीं २०१७ सालीं मेक्सिकोंतील जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकिलें. त्यांस पाण्यांत उतरूंच दिलें नसतें, तर हीं पदकें कोठून आलीं असतीं?

दुसरा आक्षेप खर्चाचा. मायक्रोसॉफ्टच्या कंट्रोलरची मूळ किंमत सुमारें १०० डॉलर होती, आणि बाहेरच्या कळांचा खर्च त्याहून निराळा. सामान्य घरास हें जड आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आरंभ इतका महाग असण्याचें कारण नाहीं. आमच्या विज्ञानमंडळाच्या मुलांनीं एक टाकाऊ मौस उघडिला. डाव्या कळेखालीं जो लहान खटका असतो, त्याच्या ज्या दोन टोकांचा दाबल्यावर जोड होतो, त्यांस दोन तारा डाख देऊन जोडिल्या. त्या तारा बाहेर काढून जेवणाच्या डब्याच्या झांकणाखालीं बसविलेल्या मोठ्या खटक्यास लाविल्या. झांकण दाबलें कीं विद्युन्मंडल पूर्ण होतें, आणि संगणकास मौसची कळच दाबिली असें वाटतें. मौस वगळतां सर्व साहित्य सीताबर्डीच्या बाजारांत थोडक्या पैशांत मिळालें. एका कळेनें खेळावयाच्या क्रिकेटच्या खेळांत आमचा विद्यार्थी हें झांकण कोपरानें दाबून खेळला, आणि तिसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. वर्गांत एवढा जल्लोष कोणाच्या शतकासही झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, संगणकाचे खेळ हें व्यसन आहे. अतिरेक वाईटच, आणि पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणें तर २०२५ च्या कायद्यानें निषिद्ध झालें आहे. पण जो नियम धडधाकट मुलास तोच यासही असावा. एकास वेळ ठरवून खेळूं द्यावयाचें आणि दुसऱ्यास व्यसनाच्या भयानें मुळींच खेळूं द्यावयाचें नाहीं, हा न्याय नव्हे. कोणी म्हणतात, निराळी कळ देणें हा पक्षपात आहे. आम्ही त्यांस विचारतों, चष्मा लावून परीक्षेस बसणारा मुलगा पक्षपातानें उत्तीर्ण होतो काय?

ही केवळ दयेची बाब नाहीं, हें शेवटीं सांगितलें पाहिजे. २०१६ च्या दिव्यांगजनांच्या हक्कांच्या कायद्यांतील १६ व्या कलमानें शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजन यांची संधि इतरांच्या बरोबरीनें देण्याचें कर्तव्य शाळांवर ठेविलें आहे. धांवा लिहिण्याची वही हातीं देऊन तें पुरें होत नाहीं, हें आम्हीं उशिरां ओळखिलें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या मुलाचें कोणतें अंग चालतें हें आम्हांस निःसंकोच सांगावें. कोणतें चालत नाहीं, तें आम्हांस दिसतच असतें. विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, घरांतील बिघडलेले मौस व निरुपयोगी खटके फेंकूं नका, प्रयोगशाळेंत आणून द्या. येत्या स्नेहसंमेलनांत अशा साधनांचा एक सामना ठेवावा, आणि त्यांत सर्वांनींच एका कळेनें खेळावें, अशी आमची सूचना आहे. धांवा लिहिण्याचें काम त्या दिवशीं आम्ही स्वतः करूं.