गजर कुणाच्या उशाशी?

घरातला गजर कुणासाठी वाजतो, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको. मुलांची शाळा, ‘ह्यांची’ पहिली एस.टी., नळाला पाणी यायची वेळ... गजर सगळ्यांचे, उठणारी एकच! आता त्यात आणखी एकाची भर पडली आहे. दंडावर चिकटवलेल्या, मोठ्या बटणाएवढ्या सेन्सरची. साखर उतरली की फोन ओरडतो, चढली की ओरडतो. रात्री दोनलासुद्धा.

ह्या सेन्सरला सी.जी.एम. म्हणतात. कातडीखाली केसासारखी बारीक तार राहते आणि दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर येतो. सारखं बोट टोचणं वाचतं. साधारण दहा-पंधरा दिवस टिकतो आणि किंमत काही हजारांत, त्यामुळे तालुक्याच्या गावी अजून घरोघरी दिसत नाही. पण टाइप वन मधुमेहाची मुलं असलेल्या घरांत आणि इन्सुलिन घेणाऱ्या आजी-आजोबांच्या दंडावर तो दिसायला लागलाय. २०१४ साली युरोपात आलेल्या पहिल्या फ्रीस्टाइल लिब्रेला अलार्मच नव्हता. यंत्र दंडाजवळ नेलं तरच आकडा कळायचा. झोपलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? अलार्म आला आणि खरा फरक पडला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं. पण झोपेत हे कळतंच असं नाही. मधुमेह जुना असेल तर काहींना जागेपणीही कळेनासं होतं. ५४ च्या खालचा आकडा तर गंभीरच. त्याहून उतरली तर शुद्ध हरपू शकते, फिट येऊ शकते. तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्याचा कमी साखरेचा अलार्म बंद करायचा नाही, ह्यावर माझ्याकडून तडजोड नाही. पाहुणे आलेत म्हणून नाही आणि मुलीला बघायला येणार आहेत म्हणून तर मुळीच नाही. दंडावरचा सेन्सर पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजखाली झाकून, फोन आतल्या खोलीत गप्प करून ठेवलेली मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते, तेव्हा आपण नेमकं काय पणाला लावतो?

जास्त साखरेचा अलार्म मात्र वेगळा. कित्येक घरांत तो १४० वर लावलेला असतो. अहो, जेवल्यावर साखर चढणारच! चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर तर फोन घर डोक्यावर घेणार. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं उद्दिष्टसुद्धा ७० ते १८० ह्या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्के वेळ, म्हणजे साधारण सतरा तास, एवढंच आहे. वयस्कर माणसांसाठी ते निम्म्या वेळावर आणलं आहे, आणि साखर खाली जाऊ नये ह्याची काळजी मात्र अधिक घ्यायला सांगितली आहे. आपण करतो नेमकं उलटं. आजोबांची साखर २०० झाली की घरभर चर्चा आणि पहाटे ६० झाली तर कुणाला पत्ता नाही. शिवाय दिवसभर वाजणाऱ्या अलार्मचं शेवटी काय होतं? कुकरच्या शिट्ट्यांसारखं. कान सरावतात. मग एक दिवस कुणीतरी वैतागून सगळंच म्यूट करतं, त्यात कामाचाही जातो. जास्तीचा आकडा किती ठेवायचा, रात्री ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. विचारायला लाजू नका, फी त्याचीच देतो.

गप्प फोनचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्याबद्दल मुद्दाम इशारा दिला. फोनचं सॉफ्टवेअर बदललं, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहिलं किंवा नवा हेडफोन जोडला, तर मधुमेहाचे अलार्म चुकू शकतात. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर तिथल्या डेक्सकॉम कंपनीचा सर्व्हर बंद पडला आणि लेकरांच्या साखरेसाठी फोन उशाशी घेऊन झोपलेल्या आईबापांना सूचनाच गेल्या नाहीत. सेन्सर आणि त्याचा जवळचा फोन ह्यांचं इंटरनेटशिवाय चालतं. पण मुलगा हॉस्टेलवर आणि आई गावी असेल, तर दोन्हीकडे नेट हवंच. लाइट गेली, रेंज गेली, की आईचा फोन शांत. त्याला ‘साखर ठीक आहे’ असं समजायचं नाही.

आणि अलार्म वाजला म्हणजे लगेच खाऊ घालायचं, असंही नाही. सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर तो दबून खोटा कमी आकडा दाखवतो. कूस बदलायला सांगा, बोट टोचून बघा. मात्र घाम, थरथर असेल तर तपासणीत वेळ न घालवता आधी साखर. तीन चमचे पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-साईमुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. सेन्सर रक्ताच्या थोडा मागे असतो. साखर दिल्यावरही तो काही मिनिटं कमीच दाखवतो. घाबरून आपण आणखी देतो, आणखी देतो... आणि सकाळी तीनशे!

सगळ्यात जास्त कुरकुर आहे ती अलार्मच्या चुगलखोरीबद्दल. पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून येते आणि दारातच आई विचारते, “काय खाल्लंस?” आकडा आईच्या फोनवर आधीच पोचलेला. खरं तर परीक्षेच्या ताणाने, तापाने, पाळीच्या आधीच्या दिवसांतही साखर चढते. काही न खाता आरोपी झालेली मुलगी मग सेन्सर काढून टाकते, नाहीतर फोन मुद्दाम घरी विसरते. तिला आधी पाणी द्या, मग विचारा, “बरं वाटतंय ना?”

शाळेशीही बोलायला हवं. सी.बी.एस.ई.ने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवायची परवानगी दिली आहे. वर्गात मात्र फोनला बंदी असते आणि सेन्सरचा अलार्म तर फोनवरच वाजतो. मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवा, डॉक्टरांचं पत्र जोडा.

राहता राहिलं आईचं जागरण. ही अ‍ॅप्स एकाच वेळी अनेकांच्या फोनवर सूचना पाठवू शकतात. बाबांचा फोन त्यात बसत नाही, असं कुठल्याही कंपनीने म्हटलेलं नाही. कर्त्या पुरुषाचा स्वतःचा सेन्सर असेल, तर त्याचा अलार्म त्याच्याच उशाशी असावा आणि साखरेची वाटीही. लेकराचा असेल तर रात्री वाटून घ्याव्यात. “मला सकाळी ड्युटी आहे” हे कारण चालणार नाही, ड्युटी आपल्यालाही असते. माझ्या ओळखीतल्या एका आईने आठवड्यातल्या तीन रात्री नवऱ्याच्या नावावर टाकल्या. पहिल्या आठवड्यात त्याने तिला दोनदा उठवलं, साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायला. आता डबा सापडतो, असं ती हसत सांगते. लग्नाला सतरा वर्षं झालीत.