दोन मैदाने, गुडघा एकच

लिथुआनिया हा देश नकाशात शोधायला मलाही चष्मा पुसावा लागला. बाल्टिक समुद्राकाठचा, जेमतेम 29 लाख वस्तीचा देश. बास्केटबॉलचे वेड इतके की फुटबॉल मागच्या बाकावर, आणि मुलींचा फुटबॉल त्याच्याही मागे. तरीही श्याउल्याय शहरातल्या ‘गिंत्रा’ क्लबच्या मुलींनी 2005 पासून वर्षानुवर्षे देशाचे विजेतेपद राखले. 2014 आणि 2017 साली त्या युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या 16 संघांपर्यंत पोहोचल्या.

फुटबॉलचा जुना शौकीन म्हणून मला कौतुक आहेच. पण डॉक्टर म्हणून माझे लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे जाते. उन्हाळ्यात गवतावर 11 जणींचा खेळ. बर्फ पडू लागले की अनेकजणी बंद हॉलमध्ये फुटसाल खेळतात. 5 जणी, 40 बाय 20 मीटरचे मैदान, कमी उसळणारा चेंडू. पायातले कौशल्य यात फार वाढते. मात्र खालची जमीन टणक. बूट जमिनीला घट्ट धरतो, अंग वळते आणि मधला गुडघा पिळवटतो. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा दोरीसारखा बंध असतो. तो बहुधा कुणाचा धक्का न लागताच तुटतो, वळताना नाहीतर उडी मारून उतरताना. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. शस्त्रक्रियेनंतर किमान 9 महिने सामना नाही. उमेदीच्या काळातले एक वर्ष गेलेच म्हणायचे.

यावर काही शहाणे म्हणतात, बायकांचे शरीर या खेळासाठी नाहीच. मला हे साफ अमान्य आहे. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर मोठा अभ्यास झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाआधी 20 मिनिटांचा ठराविक व्यायाम: उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणे, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. औषध नाही, खर्च नाही!

खरा दोष वेळापत्रकाचा. गवतावरचा प्रशिक्षक आपले सामने मोजतो, हॉलमधला आपले. दोन्हींची बेरीज कुणी करत नाही, आणि शरीराला विश्रांतीचा महिनाच उरत नाही. त्यात खाणे अपुरे पडले तर पाळी थांबते. मुलींना ती सोय वाटते. आत मात्र हाडे ठिसूळ होत असतात. ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. तीन महिने पाळी नाही म्हणजे डॉक्टरकडे जायचे, मग खेळाडू राष्ट्रीय संघातली का असेना.

हे सारे मला तरुणपणी ठाऊक नव्हते. कबड्डी खेळणारी एक मुलगी सुजलेला गुडघा घेऊन आली होती. ‘वळताना कट्‌ असा आवाज आला,’ म्हणाली. मी क्रेप बँडेज बांधले आणि दहा दिवस विश्रांती सांगितली. अकराव्या दिवशी ती मैदानात उतरली, गुडघा पुन्हा निसटला आणि खेळ कायमचा सुटला. त्या आवाजाचा अर्थ मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

आता अशी मुलगी आली की मी आवाजाचे विचारतो, आठवड्याला किती सामने ते विचारतो आणि पाळीचेही. सोबतची आई दचकते, ‘डॉक्टर, गुडघ्यासाठी आलोय आम्ही!’ म्हणते. मी खुर्ची पुढे सरकवतो आणि सांगू लागतो.