गॅलनमागची माणसे

एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. अमेरिकी सैन्याला एवढे इंधन खरेदीत दोन-तीन डॉलरना पडत होते. मात्र अफगाणिस्तानातल्या दुर्गम चौकीवर पोहोचेपर्यंत त्याचा खर्च 400 डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असे अमेरिकी संरक्षण खात्यानेच 2009 मध्ये लोकप्रतिनिधींना सांगितले.

एवढी वाढ कशाने? कराची बंदरात उतरलेले इंधन टँकरने खैबर किंवा चमनमार्गे आत जाई. मोठ्या तळावरून लहान चौक्यांकडे ताफे निघत, सोबत पहाऱ्याच्या चिलखती गाड्या. त्यांच्याही टाक्या भराव्या लागतच. रस्ता संपला की हेलिकॉप्टर. हा सगळा खर्च मिळवून इंधनाची खरी किंमत काढावी आणि नवी शस्त्रसामग्री घेताना ती विचारात घ्यावी, असा कायदाच अमेरिकेने 2008 मध्ये केला.

हा हिशेब हवाच, पण मला तो अपुरा वाटतो. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरण धोरण संस्थेने 2007 मधल्या अफगाणिस्तानातील ताफ्यांचा अभ्यास केला. सरासरी 24 इंधन-ताफ्यांमागे एक माणूस मृत किंवा जखमी, असे प्रमाण निघाले. एखाद्या कारखान्यात हे प्रमाण असते, तर आपण आधी कारण शोधले असते.

इथे कारण साधे होते. चौकीवरचे बरेचसे डिझेल जनरेटरमध्ये जळे आणि त्या विजेचा मोठा भाग कापडी तंबू गार किंवा उबदार ठेवण्यात जाई. दार उघडे टाकून एसी लावण्यातलाच प्रकार! तंबूंवर फोमचा थर फवारणे, सौर पॅनल नेणे हे उपाय होते. 2010 मध्ये हेल्मंडच्या सांगीन भागात मरीन सैनिकांच्या एका तुकडीने पॅनल वापरून जनरेटरचा वापर खूप घटवला. खरेदीचा भाव धरला की हे उपाय महाग दिसतात. टळलेले ताफे धरले की चित्र उलटते.

आपल्या सियाचिनमध्येही पिण्याचे पाणी बर्फ वितळवूनच मिळते, तेही रॉकेलच्या स्टोव्हवर. उंचावरच्या चौक्यांची रसद हेलिकॉप्टरवर अवलंबून असते. तिथल्या एका लिटरचा खर्च मांडताना उड्डाणाचे तास धरावेतच. शिवाय वैमानिकाची जोखीम आणि बंदिस्त निवाऱ्यात जवानाच्या छातीत जाणारा धूर, यांसाठी वेगळे रकाने हवेत. ते रुपयांत बदलून बेरजेत मिसळू नयेत. माणसांच्या संख्येतच ठेवावेत.