आईच्या ताटातले आजार

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अनेकांचे वजन कमी होते, असे रुग्णालयाने सांगितले. औषधांच्या तुटवड्यावरून गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. त्या बाळांच्या आयांविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही, हे मला खटकते.

बाळाचे वजन काही नऊ महिन्यांतच ठरत नाही. आई लहानपणी किती पोटभर जेवली, लग्न कितव्या वर्षी झाले, दिवस गेल्यावरही उसाच्या मोळ्या वाहिल्या का, हे सारे त्यात येते. मुखेड, जळकोटकडच्या किती बायकांना यातले काही टळते?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपले बाळ हडकुळे, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकलेली. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, त्याचे एक मूळ इथे आहे. साखरेचा आजार श्रीमंतांचा, हे म्हणणे आता सोडावे. आणि पोषण आहाराची काळजी सातव्या महिन्यात नव्हे, सातवीतल्या मुलीपासून घ्यावी. ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचा आहारही गावच्या अंगणवाडीत पडून न राहता फडावर तिच्यापर्यंत पोचावा.