गोल्फ क्लबला कळतं ते आपल्या मैदानाला का कळू नये?

आपल्या कोनमध्ये गोल्फ क्लब नाही आणि होण्याची शक्यताही नाही. शेतं होती तिथे गोदामं उभी राहिली, उरलं तिथे बिल्डिंगी आणि चाळी, आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. तरी आज गोल्फ क्लबवरच लिहायचंय. कारण मागच्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एकाच दिवशी दोन गोष्टी आल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एक सूचनापत्रक. माझा एक दोस्त मुंबईत एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. साहेबांचा दहा वर्षांचा मुलगा एका गोल्फ क्लबच्या उन्हाळी शिबिराला जातो. दोस्ताने मजा म्हणून ते पत्रक मला पाठवलं, "बघ, श्रीमंतांची पोरं कशी खेळतात." मी वाचलं. शिबिर सकाळी साडेसहा ते साडेआठ. टोपी सक्तीची. पाण्याची बाटली नसेल तर मैदानात पाय ठेवायचा नाही. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबून पाणी. नऊनंतर एकही मूल उघड्यावर नको, पुढचे खेळ हॉलमध्ये. आदल्या रात्री ताप, जुलाब असं काही झालं असेल तर मुलाला पाठवू नका. बस, एवढंच. यात श्रीमंती कुठे आहे सांगा? टोपी आणि पाण्याची बाटली?

दुसरी गोष्ट आपल्याच भागातल्या एका क्रिकेट स्पर्धेचं पोस्टर. कुठली ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, सगळ्यांची सारखीच असतात. हात जोडलेले सव्वीस-सत्तावीस फोटो, मी मोजले. त्यात शेठ आहेत, दादा आहेत, भाई आहेत, भावी आहेत, माजी आहेत. खाली कोपऱ्यात एक बॅट आणि बॉल. बत्तीस संघ, चार दिवस, वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मालिकावीराला बाईक. आणि शेवटी टीप: संघ वेळेवर हजर नसल्यास बाद करण्यात येईल. पाण्याबद्दल एक शब्द नाही. उन्हाबद्दल तर नाहीच नाही. एप्रिल महिना आहे हे त्या पोस्टरला ठाऊकच नव्हतं.

शनिवारी मी ती स्पर्धा बघायला गेलो होतो. दुपारी अडीचच्या सुमारास एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, लाँग ऑनवरून चालत आत आला. ओव्हर संपलेली नव्हती. कॅप्टन ओरडला, "आरं कुठं चाललास?" पोरगा काहीतरी बोलला, पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. त्या दिवशीची त्याची तिसरी मॅच होती. सकाळी फक्त वडापाव खाल्लेला, हे नंतर कळलं.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. "काय नाय झालंय रे, चक्कर हाय." कोणी कांदा फोडून नाकाला लावला. कोणी बाटली तोंडात कोंबायला लागला, पोरगा धड शुद्धीत नसताना. भोवती चाळीस जणांचं कडं, वारा बंद. आणि बारा पावलांवर पाहुण्यांच्या मंडपात दोन मोठे कूलर चालू, थर्माकोलचे दोन खोके बर्फाने भरलेले, त्यात पाहुण्यांची कोल्ड्रिंक. बर्फ होता मित्रांनो! बारा पावलांवर बर्फ होता, आणि तो पोराच्या अंगाला लावायचा हे कोणाला सुचलं नाही. शेवटी एका रिक्षावाल्या काकांनी अख्खा खोका उचलून आणला आणि पोराच्या अंगावर रिकामा केला. पोरगा वाचला, दोन दिवस ॲडमिट होता. मॅच? मॅच पंचवीस मिनिटांनी परत सुरू झाली. कॉमेंट्रीवाला म्हणाला, "खेळाडूला किरकोळ त्रास झाला होता."

आता राग कोणावर काढायचा? आयोजकांवर? ती पोरंही ओळखीचीच आहेत, वर्गणीसाठी महिनाभर पळाली आहेत. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. मैदानाचं वेळापत्रक नेहमी मंडपात बसणारा ठरवतो आणि ऊन नेहमी मैदानात उभा असणारा खातो. आपण याला नशीब म्हणतो. हे नशीब नाही, हे टाईमटेबल आहे.

गोल्फवाल्यांनाही हे शहाणपण जन्मतः आलेलं नाही, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा क्लबवाल्यांची आरती ओवाळतोय. अठरा होलचा एक डाव चार तास चालतो, सहा-सात किलोमीटरची चाल होते. मेंबर पहाटे खेळून नाश्त्याला घरी जातो. पण त्याची जड बॅग खांद्यावर घेऊन फिरणारा कॅडी आणि गवत कापणारा माळी तिथेच असतो. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांमध्ये तर कॅडींना कडक उन्हातही फुल पँटच घालावी लागायची, शिस्त म्हणून. १९९९ साली वेस्टर्न ओपन स्पर्धेत एक कॅडी भर उन्हात कोसळला, मरता मरता वाचला. त्यानंतर त्यांच्या संघटनेने कॅडींना हाफ पँटची परवानगी दिली. बघा, तिथेही आधी बॅग उचलणाराच पडला. फरक एवढाच की पडल्यावर नियम बदलला. आपल्याकडे काय बदललं?

आपल्याकडे तर एक माणूस नाही, चौदा माणसं गेली आहेत. १६ एप्रिल २०२३, खारघर. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार, देशाचे गृहमंत्री हजर, लाखो श्रीसदस्य उघड्या मैदानावर. ठाणे-रायगडच्या गावागावातून माणसं गेली होती, अनेक जण आदल्या रात्रीपासून जाऊन बसलेले. व्यासपीठावर छप्पर होतं, समोर नव्हतं. शवविच्छेदनात बहुतेकांच्या पोटात काही तास अन्न गेलेलं नव्हतं, अशा बातम्या आल्या. आणि तापमान किती होतं? पंचेचाळीस? नाही. अडतीसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी सहज जातं तेवढंच.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच खारघरमध्ये सिडकोचा गोल्फ कोर्स आहे, हिरवागार, डोंगराच्या कुशीत. दुपारी एक वाजता तिथे हौसेने खेळणारं कुत्रंही दिसत नाही. त्याच गावात, त्याच महिन्यात, त्याच उन्हात. ज्याला घड्याळ निवडता येतं तो पहाट निवडतो.

खारघरनंतर सरकारने लगेच जाहीर केलं होतं की ऊन उतरेपर्यंत दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत. टीव्हीवर दोन दिवस चाललं. विरोधी पक्षाने आरोप केले, सत्ताधाऱ्यांनी उत्तरं दिली, मृतांच्या घरच्यांना पाच-पाच लाख जाहीर झाले. आणि पुढच्या उन्हाळ्यापासून आपल्या शेतातल्या पिचवर दुपारी बाराला टॉस पडायला लागला तो लागलाच. आपणच विसरलो. सरकारला शिव्या घालायला मीही तयार आहे, पण हे मैदान सरकारचं नाही, आपलं आहे.

"आमच्याकडे अडतीसने काय होतं, विदर्भात बघा सत्तेचाळीस," हे वाक्य मी रोज ऐकतो. भाऊ, विदर्भात हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग गार होतं. आपण उल्हासच्या काठावर, खाडीला लागून. घाम येतो आणि तिथेच राहतो, वाळतच नाही. नुसता गळून उपयोग नाही, वाळला तरच अंग गार होतं. हवामान खातं म्हणूनच मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा हिशेब सुरू करतं, पण किनारपट्टीला ३७ पासूनच. आणि सध्या जागोजागी झालेल्या टर्फवर तर विचारूच नका. त्या प्लास्टिकच्या गवतावर भर दुपारी अनवाणी पाय टेकवून बघा, मग मला सांगा.

दुसरं लाडकं वाक्य: "आपल्या आज्याने आख्खा जन्म उन्हात शेती केली." केली ना. पण आजा कधी उठायचा ते आठवतंय का? तांबडं फुटायच्या आधी शेतावर. ऊन चढलं की बांधावरच्या आंब्याखाली, भाकरी, कांदा, मडक्यातलं पाणी, आणि ऊन कलल्यावर परत. आजा गोल्फ क्लबचंच टाईमटेबल पाळत होता, फक्त त्याच्याकडे छापील पत्रक नव्हतं. शिवाय त्याचं अंग फाल्गुनापासून हळूहळू उन्हाला सरावलेलं असायचं. अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आपला पोरगा आठवडाभर एसी ऑफिसात नाहीतर मोबाईलसमोर, आणि शनिवारी एकदम तीन मॅच. आणि तो बांधावरचा आंबाही आता नाही, तिथे कंटेनर उभा आहे.

कंटेनरवरून आठवलं. कोणी म्हणेल, क्रिकेट म्हणजे हौस, पोरं हौसेने मरत असतील तर कोण काय करणार. मग जे पोटासाठी जातात त्यांचं काय? पत्र्याच्या गोदामात दुपारी दोनला कंटेनर खाली करणारी पोरं आपलीच आहेत, आणि बिहार-यूपीहून आलेलीही आपलीच समजा. लोखंडी कंटेनर उन्हात चार तास उभा राहिला की आत भट्टी होते. तिथेही प्रश्न तोच, वेळ कोण ठरवतं? गाडी पहाटे खाली केली तर कोणाचं काय अडतं? त्यावर वेगळं लिहावं लागेल, सविस्तर लिहीन. आज मैदानाचंच बोलू, कारण तिथे मालक आपण आहोत आणि कुठल्या कंपनीच्या मेलची वाट बघायची नाही.

मागणी साधी आहे. पंधरा मार्चनंतर आपल्या गावाच्या हद्दीत दुपारी बारा ते पाच एकही मॅच नको. सकाळी साडेसहाला पहिला बॉल टाका, साडेअकराला थांबा, संध्याकाळी पाचला परत सुरू करा आणि लाईटवर खेळा. "लाईटचा खर्च कोण देणार?" अरे, फायनलला पाहुणे येतात तेव्हा जनरेटर, फोकस, डीजे सगळं येतं ना? तेव्हा खर्च परवडतो. हळदीला रात्री तीनपर्यंत आवाज परवडतो. चार दिवसांत बत्तीस संघ बसत नसतील तर सोळा घ्या. मालिकावीराची बाईक थोडी कमी सीसीची द्या. ग्रामपंचायतीने मैदानाला परवानगी देताना कागदावर एवढी एक अट टाकावी. एका संघाला दिवसात दोनच्या वर मॅच नकोत. आणि पाहुण्यांच्या मंडपाएवढाच मंडप खेळाडूंना.

नियम होईपर्यंत निदान हे तरी प्रत्येक कॅप्टनला माहीत असू द्या. पोरगा अडखळायला लागला, भलतंच बोलायला लागला, चिडचिड करायला लागला की ती "चक्कर" नाही, डोक्यापर्यंत ताप गेलाय. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असतं. आधी गार करा, मग हलवा. सावलीत आडवा, बूट-जर्सी काढा, मिळेल तेवढं पाणी अंगावर, बर्फ मानेला, काखेत, जांघेत, आणि जोरात वारा. हे चालू असतानाच १०८ ला फोन. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जाईल. क्रोसिन देऊ नका, हा तापच वेगळा, त्याला ती गोळी लागत नाही. शुद्धीत असेल तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. आणि तो पोरगा कितीही म्हणाला "मी ठीक आहे", तरी त्या दिवशी परत मैदानात नाही.

पुढच्या शनिवार-रविवारी आणखी एक स्पर्धा आहे, पोस्टर आलंय. वेळ परत तीच, नऊ ते सहा. आयोजकांपैकी दोघांना काल फोन केला. एक म्हणाला, "दादा, पोस्टर छापून झालंय." मी म्हटलं, पोस्टर मोबाईलवर आहे, दोन मिनिटांत बदलतं. दुसरा म्हणाला, "कमिटीत विषय काढतो." वर्गणी मी थांबवून ठेवली आहे, वेळ बदलली तर दुप्पट देईन असं सांगितलंय. ज्यांच्या वर्गण्या अजून द्यायच्या आहेत त्यांनीही एक फोन करा. काय ठरलं ते शुक्रवारी इथेच लिहितो.