पायंडा

रोमच्या ऱ्हासाची चर्चा निघाली, की विलास, व्यसने आणि रानटी टोळ्यांच्या स्वाऱ्या या ठराविक कारणांची उजळणी करून आपण स्वस्थ होतो. परंतु पश्चिमेकडील साम्राज्याचा अस्त होण्यापूर्वी सुमारे पाच शतके रोमचे प्रजासत्ताक खुद्द रोमन नागरिकांच्या डोळ्यांदेखत नामशेष झाले होते, आणि मतदानाचा हक्क बाळगणाऱ्या आजच्या नागरिकाने चिंतन करावे ते या पहिल्या मृत्यूचे.

इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेने निवडलेल्या अधिकाऱ्याने, सरकारी जमिनीवर मर्यादेबाहेर कबजा करून बसलेल्या धनिकांकडून जादा जमीन काढून ती भूमिहीनांस देण्याचा कायदा मंजूर करून घेतला. त्याची रीत सर्वस्वी निर्दोष होती असे नाही. आड येणाऱ्या सहकाऱ्यास त्याने मते घेऊन पदच्युत केले, हा वहिवाटीचा भंगच होता. पण त्याला उत्तर म्हणून सिनेटच्या प्रतिष्ठित सभासदांनी बाकांचे मोडके पाय हाती घेऊन त्याला व त्याच्या सुमारे तीनशे अनुयायांना ठेचून मारले, आणि प्रेते टायबर नदीत फेकून दिली.

बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस याची पाळी आली. राज्याचे रक्षण करावे, एवढ्या मोघम ठरावाच्या आधारावर कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, असलेल्या ओपिमियसने सशस्त्र माणसे घातली आणि गायसच्या मस्तकाच्या भारंभार सोने देण्याचे जाहीर केले. मस्तक आणणाऱ्याने आतील मेंदू काढून त्या जागी शिसे ओतले होते, असे चरित्रकार प्लुटार्क लिहितो. बक्षिसाच्या हिशेबातही लबाडी करावयास तो चुकला नाही! सुमारे तीन हजार माणसे मारली गेली, आणि त्यानंतर याच ओपिमियसने फोरममध्ये सलोख्याच्या देवतेचे मंदिर बांधविले.

आमच्या मते निर्णायक घटना ती कत्तल नव्हे. पुढच्याच वर्षी, नागरिकांना चौकशीवाचून ठार केल्याबद्दल ओपिमियसवर लोकसभेपुढे खटला चालला, आणि ज्या जनतेची माणसे मारली गेली होती त्याच जनतेने त्याला निर्दोष सोडले. दंगा मिटला, बाजार सुरू झाला, आता उकरून काय काढावयाचे, अशी त्यामागील वृत्ती असावी. हाच ओपिमियस पुढे न्युमिडियाचा राजा जुगुर्था याची लाच खाल्ल्याबद्दल दोषी ठरून हद्दपारीत मेला. म्हणजे लाचेचा जाब विचारणाऱ्या रोमला रक्ताचा जाब विचारता आला नव्हता.

एकदा माफ झालेला अपवाद दुसऱ्याचा आधार होतो. इ. स. पू. ८८ मध्ये सेनापती सुल्लाने फौज घेऊन राजधानीत प्रवेश केला, आणि सहा वर्षांनी वध्य माणसांच्या याद्या चौकात लावून त्यांच्या मालमत्तांचे लिलाव पुकारले. सहा महिन्यांच्या मुदतीचे सर्वाधिकारपद सीझरला तहहयात मिळाले; ऑगस्टसने तर प्रजासत्ताक पुनःस्थापित केल्याचा बहाणा करून सगळे अखत्यार स्वतःपाशी ठेवले. कॉन्सल निवडले जात होते, सिनेट भरत होती, ट्रिब्यूनही होते.

इ. स. १४ मध्ये टायबेरियस सम्राटाने अधिकाऱ्यांच्या निवडणुका लोकांकडून काढून सिनेटकडे दिल्या. इतिहासकार टॅसिटस नमूद करतो, की लोकांनी थोडी पोकळ कुरकुर केली, आणि सिनेटच्या सभासदांना मात्र आनंद झाला, कारण मतांसाठी करावा लागणारा खर्च आणि हांजी हांजी दोन्ही वाचली.